रेसची चाकं आणि दोन लाखांची दोन मिनिटं

गोव्याची हाफ आयर्नमॅन दोन महिन्यांवर आली, की पुण्यातल्या आयटीवाल्या सायकलिंग मंडळींमध्ये एक प्रश्न हमखास फिरायला लागतो. पोहणं किती झालं, धावताना गुडघा बोलतोय का, हे सगळं मागे पडतं आणि गाडी एकाच स्टेशनवर येऊन थांबते. "रेसला चाकं कोणती लावणार?" ५० मिमी की ८० मिमी? मागे डिस्क लावू का? चायनीज कार्बन घेऊ, की थोडं थांबून ब्रँडेडच घेऊ? मग कोणीतरी हळूच सांगतो, "मी तर ईएमआयवर घेतली रे. बारा महिने, नो कॉस्ट."

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांना इथेच रागावता येईल :) रेसच्या दिवसाचं सर्वात चांगलं चाक म्हणजे जे लावल्यावर तुम्ही तीन तास डोकं खाली घालून, कोपरं एरोबारवर टेकवून, न घाबरता सायकल चालवू शकता ते. ते किती मिमी आहे, कोणत्या कंपनीचं आहे, हा नंतरचा प्रश्न. आणि बहुतेक लोक तो आधी विचारतात.

ज्यांना हे प्रकरण नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. हाफ आयर्नमॅन म्हणजे १.९ किमी पोहणं, ९० किमी सायकल आणि २१.१ किमी धावणं, एकामागून एक, मध्ये चहा वगैरे नाही. गोव्यात ही रेस २०१९ मध्ये सुरू झाली (मधली दोन वर्षं कोविडने खाल्ली). यात सायकलवर दुसऱ्याच्या मागे चिकटून त्याच्या आडोशाने जाता येत नाही, पेनल्टी बसते. म्हणजे समोरचा वारा सगळा तुमचा एकट्याचा. टाइम ट्रायलमध्येही तेच. म्हणूनच इथे हवेला कापणाऱ्या चाकांचं एवढं कौतुक. साध्या चाकाची रिम २०-३० मिमी उंच असते. रेसच्या चाकाची ५०, ६०, ८० मिमी. डिस्क म्हणजे स्पोकच दिसत नाहीत, पूर्ण भरीव ताटली. रिम जितकी उंच, तितके उघडे स्पोक कमी आणि हवा कमी घुसळली जाते. तत्त्व अगदी बरोबर आहे, त्यात काही भानगड नाही.

आता आपण इंजिनिअर लोक, तेव्हा एक्सेल उघडूया.

समजा स्वार आणि सायकल मिळून ८० किलो. सपाट रस्ता, वारा पडलेला, वेग ताशी ३० किमी, म्हणजे ९० किमीला बरोबर ३ तास. एरोबारवर बसल्यावर स्वाराचा हवेतला अडथळा (ज्याला सीडीए म्हणतात) ०.३० धरू. अशा माणसाला साधारण १३७ वॉट लागतात. त्यातले १०४ वॉट निव्वळ हवा खाते आणि ३३ वॉट टायर रस्त्यावर चेपण्यात जातात. आता साध्या ट्रेनिंगच्या चाकांच्या जागी महागड्या डीप रिमची जोडी लावली आणि ताशी ४० किमीला १० वॉट वाचले असं धरू. ताशी ३० ला त्याचे ४ वॉटच उरतात, कारण हवेला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. या ४ वॉटचा ९० किमीवर फायदा किती? साधारण सव्वादोन मिनिटं.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण तो माझ्याच बाजूचे लोक पसरवतात. "एरो चाकं फक्त फास्ट लोकांसाठी, आपल्यासारख्यांना काय उपयोग" हे चूक आहे. हेच गणित ताशी ४० किमीवाल्यासाठी मांडलं तर त्याचा फायदा पावणेदोन मिनिटांच्या आसपास येतो. म्हणजे हळू जाणाऱ्याची मिनिटं उलट जास्तच वाचतात, कारण तो रस्त्यावर जास्त वेळ असतो. तेव्हा डीप चाकांनी फायदा होतो का? होतो. प्रश्न एवढाच की त्याच पैशात आणि त्याच डोकेदुखीत आणखी काय काय येतं.

तर तीच शीट थोडी खाली सरकवू.

टायर. साधे ट्रेनिंगचे टायर काढून चांगले रेसचे टायर लावले, रोलिंगचा आकडा ०.००५ वरून ०.००४ वर आणला, तर साडेसहा वॉट वाचतात. म्हणजे तीन मिनिटांपेक्षा थोडं जास्त. चाकांच्या दीडपट! आणि टायरची जोडी साधारण दहा-बारा हजारांत येते.

बसणं. ब्रेकच्या हुडवर हात ठेवून चालवणाऱ्याचा सीडीए ०.३६ आणि तोच माणूस एरोबारवर ०.३० धरला, तर त्याच १३७ वॉटमध्ये हुडवाला ताशी २८.४ किमीने जातो आणि एरोबारवाला ३० ने. ९० किमीला फरक १० मिनिटांचा. क्लिप-ऑन एरोबार साधारण दहा हजारांच्या घरात मिळतात.

आता रुपये भागिले मिनिटं करा. दोन लाखांची चाकं: मिनिटाला नव्वद हजार. टायर: मिनिटाला साडेतीन हजार. एरोबार: मिनिटाला एक हजार. कोणत्याही प्रोजेक्ट मॅनेजरला हे दाखवलं तर तो कोणतं काम आधी घेईल हे सांगायची गरज नाही. (नाही, चुकलो. काही मॅनेजर चाकंच आधी घेतील, कारण ती डेमोत दिसतात.)

हे नुसतं एक्सेलमधलं नाही, याचा एक फार सुंदर पुरावा इतिहासात आहे. १९८४ मध्ये इटलीच्या फ्रान्चेस्को मोझेरने मेक्सिको सिटीत डिस्क चाकं लावून तासाभरात ५१.१५१ किमी कापले आणि एडी मर्क्सचा १९७२ चा ४९.४३१ चा विक्रम मोडला. मेक्सिकोच्या विरळ हवेचा फायदा दोघांनाही होता, चाकं मात्र नवीन होती. तेव्हापासून सगळ्यांना डिस्कचं वेड लागलं. मग आला १९८९ चा टूर द फ्रान्स. शेवटच्या दिवशी, २३ जुलैला, व्हर्साय ते पॅरिस २४.५ किमीची टाइम ट्रायल. फ्रान्सचा लॉराँ फिन्याँ ५० सेकंदांनी पुढे होता. त्याने पुढे आणि मागे दोन्हीकडे डिस्क लावली होती. अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडने डिस्क फक्त मागे लावली, पुढे स्पोकचं चाक. पण त्याच्या हँडलला ट्रायथलॉनवाल्यांकडून आलेले एरोबार होते आणि डोक्यावर लांबट हेल्मेट. फिन्याँच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं, मागे पोनीटेल उडत होती. लेमाँडने ताशी ५४.५ किमीने ती टाइम ट्रायल ५८ सेकंदांनी मारली आणि तीन आठवड्यांची अख्खी टूर ८ सेकंदांनी जिंकली. टूरच्या इतिहासातला हा आजवरचा सर्वात कमी फरक.

आता त्या ५८ सेकंदांमध्ये पायांचा वाटा किती आणि बारचा किती, यावर लोक अजूनही भांडतात, भांडू देत. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. चाकांचा विचार केला तर त्या दिवशी फिन्याँकडे जास्त डिस्क होत्या. हरला तो फिन्याँ. हवेला अडवतं ते मुख्यतः तुमचं शरीर, चाकं नव्हेत. आणि ही अक्कल सायकलिंगच्या बड्या लोकांना ट्रायथलॉनच्या हौशी मंडळींकडून मिळाली, हे आपण ट्रायथलॉनवालेच विसरलोय.

आता मुख्य मुद्दा: आडवा वारा.

शोरूममध्ये चाक सुंदर दिसतं, कारण शोरूममध्ये वारा नसतो. ८० मिमीचं पुढचं चाक म्हणजे हँडलला बांधलेलं एक छोटं शीड. आडवा झोत आला की तो चाकावर नुसता ढकलत नाही, हँडल फिरवायचा प्रयत्न करतो. त्यात एरोबारवर तुमचे हात मधोमध, जवळजवळ असतात, म्हणजे हँडल सांभाळायला तरफ अगदी छोटी, आणि ब्रेक लांब. मग माणूस काय करतो? जे कोणीही शहाणा माणूस करेल तेच. उठून बसतो आणि हुड पकडतो. आणि उठून बसला की वर पाहिलेलं दहा मिनिटांचं गणित उलटं फिरायला लागतं. हिशेब सोपा आहे: तीन तासांत सगळी मिळून चाळीस मिनिटं तुम्ही भीतीपोटी उठून बसलात, की डीप चाकांची सव्वादोन मिनिटं साफ झाली. त्यापुढे तुम्ही पैसे देऊन हळू जाताय.

यात एक मेख आहे जी जाहिरातीत कळत नाही. ताशी २० किमीचा आडवा वारा ताशी ४५ ने जाणाऱ्या प्रो स्वाराला २४ अंशांच्या कोनात लागतो. ताशी ३० ने जाणाऱ्या तुम्हा-आम्हाला तोच वारा ३४ अंशांत. म्हणजे जितके हळू, तितका वारा जास्त बाजूने. कंपन्यांचे विंड टनेलचे सुंदर आलेख साधारणपणे २० अंशांच्या आतच संपतात. त्यापुढे हवा रिमला धरून वाहायचं सोडून देते, फायदा घसरतो, आणि ढकलणारा जोर मात्र वाढतच असतो. गोव्यात किंवा कोणत्याही किनाऱ्यावर सकाळ चढते तसा समुद्रावरचा वारा जागा होतो. पहिल्या तासात जो रस्ता शांत होता तोच तिसऱ्या तासात अंगावर येतो. प्रो मंडळी तोवर धावायला लागलेली असतात, वाऱ्यात सापडतो तो आपण. हवाईतल्या कोनाला, जिथे आयर्नमॅनची जागतिक स्पर्धा गाजली, तिथे कित्येक वर्षं डिस्क चाकांना बंदी होती, ती याच आडव्या वाऱ्यांमुळे. तिथे येणारे लोक जगातले निवडक. त्यांचीही काळजी घ्यावी लागली, तर आपण कोण लागून गेलो?

आमच्या ऑफिसातली एक मैत्रीण आहे, वजन ५२ किलो. किनाऱ्यावरच्या एका रेसच्या आदल्या दिवशी एका मित्राने मोठ्या मनाने आपली ८० मिमीची चाकं तिला दिली. "अगं, फुकट दहा वॉट आहेत, घे!" मित्राचं वजन ८५. त्याला जो झोत नुसता जाणवतो, तो हिला लेनच्या त्या टोकाला नेऊन ठेवतो. पहिल्याच पुलावर सायकल अशी हलली की पुढचे सत्तर किमी तिने ब्रेकवरची बोटं काढली नाहीत. खांदे आखडले, खाणं-पिणं राहिलं (बाटली काढायला एक हात सोडावा लागतो ना!), आणि मग धावताना पायात गोळे. सरावात ती तीन तासांच्या आत ९० किमी करायची, रेसला तीन तास पंचवीस मिनिटं लागली. पडली नाही हे नशीब. नंतर तिला सगळे सांगत होते की बाइक हँडलिंग सुधार. मला ते ऐकून संताप आला होता. हलक्या वजनाच्या माणसाला, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक मुलींना आणि बऱ्याच मुलांनाही, जे चाक झेपतच नाही ते द्यायचं आणि वर कौशल्य काढायचं, हा कुठला न्याय?

मागच्या चाकाची गोष्ट मात्र वेगळी. ते फ्रेममध्ये पक्कं असतं, वाऱ्याने त्याला कितीही रेटलं तरी हँडल फिरत नाही. म्हणून हौस भागवायची तर मागे भागवावी. त्यासाठीही दीड-दोन लाखांची डिस्क लागत नाही. साध्या मागच्या चाकावर बसणारी प्लॅस्टिकची कव्हरं मिळतात, जी हवेच्या दृष्टीने डिस्कचंच काम करतात. दिसायला गरीब, आवाजाला जरा खडखड, पण काम चोख. फक्त तुमच्या रेसचं नियमपुस्तक आधी वाचा, पुढच्या चाकाला कव्हर चालत नाही.

वजनाचं भूत एका परिच्छेदात उतरवतो. "हलकं चाक पटकन पळतं" म्हणे. दोन चाकं मिळून अर्धा किलो कमी केला, तर ताशी ३० पर्यंत वेग घेताना वाचणारी ऊर्जा ३५ ज्यूल, म्हणजे १३७ वॉटला पाव सेकंद. ९० किमीत एकूण ५०० मीटर चढ धरला तर १८ सेकंद. सकाळी ट्रान्झिशनमध्ये मोजा शोधण्यात याहून जास्त वेळ जातो.

मग मी स्वतः काय करतो? माझं वजन ७० किलो. पुढे ४० मिमी, मागे साध्या चाकावर कव्हर, २८ मिमीचे चांगले टायर. ज्यांनी विचारलं त्यांना हेच सांगतो:

१. साठ किलोच्या आत असाल तर पुढे ३०-४० मिमी पुरे. त्यावर असाल तर ५० पर्यंत जा. ६० च्या पुढे जायचं तर वारा सुटलेल्या दिवशी दोन-तीन लांब राइड एरोबारवर न उठता करून दाखवा, स्वतःलाच.

२. रेसची चाकं शेवटच्या चार आठवड्यांत बदलू नका. उसनी तर नकोच. आपण शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनला डिप्लॉय करत नाही, तसंच हे. रिम ब्रेकची सायकल असेल आणि चाकं कार्बनची, तर ब्रेकचे पॅडही कार्बनचेच लागतात.

३. हवा कमी भरा. १२० पीएसआयचा जमाना गेला. आपले रस्ते टेबलासारखे नाहीत, टणक टायर उडतो आणि ती ताकद तुमच्या अंगातून जाते. ७० किलोच्या माणसाला २८ मिमीच्या टायरात ६५ ते ७५ पीएसआय भरपूर. रिम हुकलेस असेल तर कमाल मर्यादा ५ बार, म्हणजे साधारण ७२ पीएसआय, आणि टायरही हुकलेसला चालणाराच हवा. इथे शंभरचा पंप मारणं म्हणजे टायर रिमवरून उडवायला आमंत्रण. हा वेगाचा मुद्दा नाही, दातांचा आहे.

४. सायकल आदल्या दिवशी दुपारी उन्हात रॅकला लागते. २५ अंशांचा टायर ५० अंशांवर गेला की ८५ चे ९३ पीएसआय होतात. तेव्हा आदल्या दिवशी थोडी हवा सोडून ठेवा आणि सकाळी भरा. लॅटेक्स ट्यूब असेल तर सकाळी भरावीच लागते, रात्रभरात ती आपोआप उतरते.

५. जास्तीच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह रिमपेक्षा लांब आहे ना, ते बघा. ८० मिमीची रिम आणि खिशात ४८ मिमीच्या व्हॉल्व्हची ट्यूब घेऊन रस्त्याच्या कडेला बसलेला माणूस प्रत्येक रेसला दिसतो. शिवाय रेसच्या टायरने रेसच्याच रिमवर एकदा घरी पंक्चर काढून बघा. काही जोड्या इतक्या घट्ट बसतात की अंगठे सोलतात.

"पण बाबा, मला आवडतात ती चाकं. तो घुंऽऽ आवाज, तो काळा कार्बन..." असं कोणी म्हणालं तर माझा अजिबात विरोध नाही. हौसेला मोल नाही. बोनस आला, घरचं सगळं नीट आहे, घ्या बिनधास्त आणि रविवारी लोणावळ्याला मिरवा. माझं भांडण हौसेशी नाही, हौसेला गरज म्हणून विकण्याशी आहे. कारण त्याचा तोटा ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला होत नाही. तो होतो नुकतीच नोकरी लागलेल्या, चार जणांत फ्लॅट शेअर करणाऱ्या, गावी घरी पैसे पाठवणाऱ्या पोराला. त्याला विहिरीत पोहता येतं, पाय दणकट आहेत, शाळेला रोज दहा किमी सायकल मारलेली आहे. तो आपल्या गप्पांमध्ये येऊन उभा राहतो, १५ मिनिटं ऐकतो, आणि समजतो की चाकांनाच दोन लाख लागत असतील तर हा खेळ आपला नाही. मग तो परत येत नाही. गेल्या वर्षभरात असे दोघे मी पाहिले. त्यातल्या एकाला मी अॅल्युमिनियमच्या चाकांवरच उतरायला कसंबसं पटवलं, दुसरा गेला तो गेलाच.

त्या पहिल्याने परवा विचारलं, "दादा, टायर आणि एरोबार मिळून वीस-बावीस हजार होतायत. सध्या एकच जमेल. आधी काय घेऊ?" एरोबार, असं सांगितलं. आणि दर रविवारी भर वाऱ्यात त्यावर दोन तास काढ म्हटलं. टायर दिवाळीनंतर.